स्कायलॅब सर

स्मरणिका समितीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की लेखात शाळेची शिस्त, स्नेहसंमेलनं, क्रीडांगण, गुरुजनवर्ग अशा सगळ्या अंगांचा उल्लेख यावा. समितीवर आमच्याच बॅचचे दोघे आहेत, म्हणून थोडी मोकळीक घेते. शिस्त आणि स्नेहसंमेलनं मागच्या-पुढच्या पानांवर येतीलच. मला लिहायचं आहे ते एकाच माणसाबद्दल. आपल्या शाळेत तो जेमतेम साडेचार वर्षं होता आणि हॉलमधल्या फलकावर त्याचं नाव नाही. फलक सेवानिवृत्त शिक्षकांचा आहे, आणि सर निवृत्तीच्या वयापर्यंत पोचलेच नाहीत.

१९७९ ते १९८३ या काळात जे कुणी शाळेत होते, त्यांना 'स्कायलॅब सर' एवढं म्हटलं की पुरे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि त्यांच्या आईच्या तोंडी असायचं. आम्हाला ते परकं वाटे.

सर जून १९७९ मध्ये आले. बी.एस्सी., बी.एड., वय चोविशी-पंचविशीचं, अंगानं किडकिडीत. गालांवर कायम लाली असायची, त्यावरून आम्ही मुली मागे बसून काय बोलायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवी ब ला विज्ञान आणि गणित दोन्ही त्यांच्याकडे आलं. आले तेव्हा गावात दुसरा विषयच नव्हता. स्कायलॅब ही सत्त्याहत्तर टनांची अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, १९७३ साली वर सोडलेली आणि १९७४ च्या फेब्रुवारीपासून रिकामीच फिरणारी, आता खाली येणार होती. सूर्यावरच्या उलथापालथीमुळे पृथ्वीभोवतीची हवा वरपर्यंत फुगली होती आणि त्या विरळ हवेच्या अडथळ्यानं स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली सरकत होती. हे सरांनी पुढे समजावलं. तोवर आम्हाला एवढंच ठाऊक की काहीतरी लोखंडी डोक्यावर पडणार आणि कुठे पडणार हे सोडणाऱ्यांनाही माहीत नाही. रेडिओवर बातम्या थोड्या आणि चावडीवर अफवा फार. आमच्या गल्लीतल्या एकानं आता पैसे ठेवून करायचंय काय म्हणून घरादाराला नवे कपडे शिवले. माझी आजी सगळ्या नातवंडांना एका खोलीत झोपवू लागली. मरायचं तर एकत्र, असा तिचा हिशेब.

११ जुलै, बुधवार. सरांनी हजेरी घेतली आणि काही न बोलता फळ्यावर आकडा लिहिला: ५१ कोटी. पृथ्वीचं क्षेत्रफळ, चौरस किलोमीटरमध्ये. मग म्हणाले, स्कायलॅब विषुववृत्ताच्या वर आणि खाली पन्नास अंशांपर्यंतच फिरते, ध्रुवांकडे जात नाही, म्हणून सगळी पृथ्वी धरायची नाही. ३९ कोटी धरा. भारत साधारण ३३ लाख. करा भागाकार. शंभरात एकसुद्धा येईना. मग त्यांनी सांगली जिल्हा घ्यायला लावला, साडेआठ हजार चौरस किलोमीटर. लाखात दोन.

पहिल्या बाकावरचा एक जण हायसं वाटून म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे पडणार नाही ना, सर?"

"तसं मी म्हटलं नाही," सर म्हणाले. "लाखात दोन म्हटलं."

धीर देण्यासाठीसुद्धा त्यांनी उत्तर गोल केलं नाही. मी घरी जाऊन आजीला सगळा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे दोन तरी आहेतच की." त्या रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास तुकडे होऊन पडली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतच सरांना ते नाव चिकटलं.

आता जिन्याबद्दल. जुन्या इमारतीतला विहिरीकडचा जिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. प्रयोगशाळा वर होती, त्यामुळे सरांच्या तासाला सगळा वर्ग रांगेनं वर जायचा आणि सर पुढे असायचे. मधल्या वळणावर जाळीची खिडकी होती. सर तिथे थांबायचे. रोज. एक हात कठड्यावर ठेवून मागे वळायचे आणि प्रश्न टाकायचे. या खिडकीतलं ऊन जूनमध्ये कुठल्या पायरीवर पडत होतं? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी थंड का लागतं? कावळा विजेच्या तारेवर बसतो, त्याला काही होत कसं नाही? उत्तर तिथे द्यायचं नाही, असा त्यांचा नियम. गप्प उभं राहायचं, विचार करायचा, आणि सर निघाले की आपण निघायचं. वर पोचल्यावर उत्तरं. चुकीचं उत्तर चालायचं, पण 'कशावरून?' असं विचारल्यावर गप्प बसलेलं चालायचं नाही.

या प्रश्नाची आम्हाला इतकी सवय झाली की इतर विषयांच्या तासालाही मुलं त्या वळणावर आपोआप रेंगाळू लागली. मग नववी अ ची वाट अडते अशी तक्रार झाली, शिक्षक-खोलीत काही बोलणं झालं असावं, पण प्रश्न बंद झाला नाही. आम्ही दहावीत गेलो तेव्हा प्रश्न दोन झाले होते. एक वळणावर आणि एक खालच्या पायरीशी, चढायला लागण्याआधीच. आम्हाला वाटलं बोर्डाचं वर्ष आहे म्हणून.

दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा दिवस असा यायचा की सर खुर्चीवर बसायचेच नाहीत, तास उभ्यानं घ्यायचे आणि चालताना एक पाय जपून टाकायचे. मुलगे म्हणत, सर सायकलवरून पडले. सरांकडे सायकल नव्हती.

१६ फेब्रुवारी १९८०. हा दिवस मला सविस्तर लिहायचा आहे, समितीनं तेवढी जागा द्यावी. खग्रास सूर्यग्रहण. कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. आपल्याकडे खंडग्रास, पण सूर्याची नुसती कोर उरेल इतकं. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. सर सकाळी वर्गात म्हणाले, "दुपारी अडीचला ज्यांना यायचंय त्यांनी शाळेत या. सूर्याकडे बघायचं नाही, पण सूर्य बघायचा." सक्ती नाही, हेही सांगितलं.

तेव्हाचं वातावरण आठवा. वेध लागल्यापासून घरोघर चुली थंड, पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र, गरोदर बायका आतल्या खोलीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आजीला मी एवढंच म्हटलं की सरांनी बोलावलंय. ग्रहणात बाहेर पडू नये हा नियम मोठा की मास्तरांनी बोलावलं तर जावं हा मोठा, यात तिचा गोंधळ उडाला आणि तेवढ्यात मी सटकले. शाळेत आलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी, मुली तर दोघीच. आणि शिपाईमामा, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे. मामांचा कडक उपास होता, पाणीसुद्धा नाही, आणि ते आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते त्यावरून आम्ही घरी सुखरूप जाणार नाही अशी त्यांची खात्री दिसत होती.

सरांनी खिशातला आरसा काढला. त्याला काळा कागद चिकटवून मध्ये वाटाण्याएवढं भोक ठेवलं होतं. अंगणात बाक, बाकावर विटेला टेकवलेला तो आरसा. हॉलच्या खिडक्या आम्ही पोती लावून बंद केल्या आणि दारातून आरशाचा कवडसा आत सोडला. हॉलच्या टोकाच्या भिंतीवर वाटोळं सूर्यबिंब पडलं. भोक चौकोनी कापलं असतं तरी ते वाटोळंच पडलं असतं, हे सरांनी दुसरा कागद लावून दाखवलंसुद्धा. मग सुतळीनं अंतर मोजलं. आरशापासून भिंत दहा मीटर. बिंब नऊ सेंटिमीटरच्या किंचित वर. अंतराला व्यासानं भागा. साधारण १०८ आले.

"जपमाळेचे मणी," मामा दारातून म्हणाले. इतका वेळ ते आत आले नव्हते.

"योगायोग, मामा," सर हसून म्हणाले. पण त्यांना ते आवडलं, कारण पुढे प्रत्येक वर्गात ते १०८ ला जपमाळ म्हणत. आता सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, तर सूर्याचा व्यास किती? आठवीच्या समरूप त्रिकोणांनी आम्ही तो काढला, चौदा लाख किलोमीटरच्या जवळ. मळक्या भिंतीवरच्या एका कवडशावरून. त्यानंतर भूमितीला मी कधी घाबरले नाही.

बिंबाच्या कडेला काळा चावा पडला आणि वाढत गेला. साडेतीननंतर अंगणातलं ऊन बदललं. संध्याकाळ होते तसं नाही. ऊन होतं, पण त्यातला दम गेला होता आणि सावल्यांच्या कडा चाकूनं कापल्यासारख्या दिसत होत्या. कावळे कडुनिंबावर जमून गलका करू लागले. सावलीत टांगलेल्या थर्मामीटरची नोंद घ्यायचं काम एका मुलाकडे होतं, तो कावळे बघण्यात नोंद विसरला. पारा उतरला एवढं त्यानं सांगितलं, किती ते नाही. सर त्याच्यावर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच एकदा पाहिलं.

आणि मग सर म्हणाले, "खाली बघा." कडुनिंबाखालच्या जमिनीवर कोरी पडल्या होत्या. शेकडो. पानांच्या फटीफटीतून आलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीच्या आकाराचा. एरवी झाडाखाली जे गोल ठिपके पडतात ते सूर्याचीच चित्रं असतात, हे आमच्यातल्या एकालाही तोवर ठाऊक नव्हतं. शिपाईमामा नकळत झाडाखाली आले होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, टोपीवर, हातांवर कोरीच कोरी. ते बाही ताणून बघत राहिले. त्यांना आम्ही घरी सुखरूप जाण्याची काळजी नंतर राहिलेली दिसली नाही.

बाक परत आत नेताना सरांनी एक बाजू धरली आणि मध्येच खाली ठेवली. पायरीवर बसले. कपाळावर घाम होता, आणि ते जिन्यातल्यासारखा प्रश्न विचारत नव्हते. मामांनी आतून तांब्या आणला. ग्रहण सुटायला अजून वेळ होता. सर तांब्या तोंडाला लावून प्याले आणि मामांनी तेवढ्यापुरती मान वळवली.

मार्च १९८२ ला आम्ही एस.एस.सी. होऊन बाहेर पडलो. सरांनी निरोपाला भाषण केलं नाही, फक्त सांगितलं की १९८६ ला हॅलेचा धूमकेतू येतोय, तुम्ही तेव्हा कुठे असाल तिथून मला पोस्टकार्ड टाका, कसा दिसला ते. डिसेंबर १९८३ मध्ये मी बारावीत असताना सर गेले. एकोणतीस वर्षांचे होते. रात्री श्वास लागला, झोपता येईना, शेजाऱ्यांनी जीप मिळवली आणि सांगलीला नेताना वाटेतच. पुढच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. गावात पेढे वाटले, आणि आम्हा जुन्या मुलांना एकमेकांकडे बघून काय बोलावं ते सुचलं नाही. हॅले मी १९८६ मध्ये होस्टेलच्या गच्चीवरून पहाटे पाहिला. पुसट होता. पोस्टकार्ड सरांच्या आईला पाठवलं.

मी तेव्हा नर्सिंगला होते. हृदयरोगाच्या व्याख्यानात बाई भराभर सांगत होत्या आणि आम्ही लिहून घेत होतो. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग होतो, बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या वयात. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. तेही बरं होतं. हा रुमॅटिक फीवर. डॉक्टरांमध्ये त्याबद्दल एक जुनं वाक्य आहे, की हा आजार सांधे चाटतो आणि हृदय चावतो. हृदयाची मायट्रल झडप हळूहळू जाड होते, चिकटते, अरुंद होते. फुप्फुसांत रक्त तुंबायला लागतं. लक्षणं: गालांवर लाली. जिना चढताना धाप. पुढे पुढे आडवं झोपता न येणं. उपाय: पुन्हा घसा धरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, जे फार दुखतं आणि ज्यानंतर रुग्णाला दिवसभर बसवत नाही.

लिहिलेलं सगळं माझ्या ओळखीचं होतं. वळणावरची खिडकी, कठड्यावरचा हात, दहावीच्या वर्षी वाढलेला दुसरा प्रश्न.

सुट्टीत मी सरांच्या आईला भेटायला गेले. मावशी तेव्हा मिरजेला धाकट्या मुलाकडे असत. त्यांनी सांगितलं, आठव्या वर्षी त्याचे गुडघे सुजले होते, वात म्हणून तेल चोळलं, महिन्याभरात पळायला लागला. कळलं ते कॉलेजात. इंजेक्शनं तो घ्यायचा. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या असं सांगितलं होतं. छातीतून चिकटलेली झडप मोकळी करण्याचं ते ऑपरेशन तेव्हा मुंबईला होत असे. सर म्हणाले, दहावीचा पोर्शन होऊ दे, परीक्षा झाली की मे महिन्यात जातो.

ही गोष्ट गावात कळल्यापासून सरांच्या त्यागाबद्दल मी अनेक भाषणं ऐकली आहेत. विद्यार्थ्यांसाठी देह झिजवला वगैरे. माजी विद्यार्थी मेळाव्यात ऐकलं, आणि या स्मरणिकेतही कुणीतरी तसं लिहिलं असेल. मला ते पटत नाही, आणि एवढी वर्षं वॉर्डात काढल्यावर तर मुळीच पटत नाही. पोर्शन कुणीही संपवला असता. सरांनी तेव्हा हिशेब केला नाही. लाखात दोन काढणारा माणूस स्वतःच्या बाबतीत भागाकाराला बसलाच नाही. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. आठवीतल्या पोरांपासून त्यांनी ते लपवलं ते समजू शकते, पण शिक्षक-खोलीत तरी कुणाला सांगायला हवं होतं. वरचा वर्ग खाली आणला असता. एवढीच तर गोष्ट होती.

आणि काळाचंही बघा. सर गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, जपानमध्ये डॉ. कांजी इनोए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन अशी झडप मोकळी करून दाखवली होती. आपल्याकडे ते यायला आणखी काही वर्षं लागली. पुढे माझ्या वॉर्डातून किती तरी मुली असा फुगा करून घेऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या, त्यांची पुढे लग्नं झाली, बाळंतपणं झाली. त्यांतल्या एकीच्या बाळाला मी अंघोळ घातली आहे.

माझ्याबद्दल समितीनं माहिती मागितली होती म्हणून थोडक्यात. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून २०२४ ला निवृत्त झाले. मुलगा पुण्यात आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाल्यावर शाळाशाळांतून मुलं तपासायला पथकं जाऊ लागली. त्यांच्या यादीत हा रुमॅटिक हृदयरोगही आहे. आमच्याकडे पथकातले नवे डॉक्टर यायचे त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगायची: स्टेथोस्कोप लावायच्या आधी पोराला एक जिना चढायला लावा आणि कुठे थांबतो ते बघा. काही जण हसायचे. काही करायचे. घसा दुखतोय म्हणून आलेल्या मुलाला नुसत्या हळद-मिठाच्या गुळण्यांवर परत पाठवलेलं मला आवडत नसे, तेवढ्यावरून माझी बोलणीही झाली आहेत.

मागच्या दिवाळीत शाळेत जाऊन आले. नवी इमारत सुंदर आहे, स्वच्छतागृहं तर फारच चांगली, आमच्या वेळी मुलींसाठी काय होतं ते आठवलं की लाज वाटते. विहीर बुजवली आणि तो जिना पाडला हे ठीकच, धोक्याचा झाला होता. कडुनिंब मात्र पार्किंगसाठी तोडायला नको होता. प्रयोगशाळेत मोठा पडदा आहे, त्यावर ग्रहण कसं होतं ते रंगीत दिसतं. मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं, २०१९ च्या २६ डिसेंबरला सकाळी ग्रहण होतं, तेव्हा मुलांना बाहेर आणलं होतं का. त्या म्हणाल्या, पालकांनी पाठवलंच नाही, सुट्टीच दिल्यासारखं झालं. त्यांना काय बोलणार? त्याच सकाळी आमच्या प्रसूती कक्षात एक बाई कळा देत होती आणि तिची सासू खिडकीला चादर लावत होती. मी चादर लावू दिली, बाळंतपण वेळेवर केलं. मुलगी झाली, तीन किलोची.

पुढचं सांगते. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडून खंडग्रास दिसायचं आहे, दुपारनंतर संध्याकाळकडे. सोमवार, म्हणजे शाळा भरलेली असेल. ऑगस्टमध्ये ढग असणारच, तरी तयारी ठेवा. खिशातला आरसा, काळा कागद, विटेचा तुकडा आणि सुतळी. नवा हॉल मी पावलांनी मोजून आले आहे, दहा मीटरहून मोठा आहे, बिंबही मोठं पडेल. मुलांच्या घरच्यांना समजवायचं काम माझ्याकडे द्या. आधी आठवडाभर गावात येऊन राहीन, घरोघर जाईन. नोकरीभर तेच केलं आहे.